मुकी बाजू वर करायची नाही

"तबकडीची मुकी बाजू वर करायची नाही. का, ते विचारायचं नाही."

दुसऱ्यांच्या घरात उंबऱ्यावर बसू नको, तिन्हीसांजेला झाडू नको, असले नियम असतात. आमच्या घरात हा आहे. मी बोलायला शिकायच्या आधीपासून आहे.

मुकी बाजू म्हणजे काय, ते आधी सांगते. फार जुन्या तबकड्या एकाच अंगाला वाजायच्या. दुसऱ्या अंगाला गाणंच नसायचं. काहींच्या त्या रिकाम्या पाठीवर कंपनीनं नक्षी उठवलेली असायची: द्राक्षांचे वेल, पिसं, फुलांची माळ. काहींची पाठ नुसती कोरी, पाटीसारखी काळी. आमच्याकडं अशा अकरा आहेत. माझ्या आजोबांनी, अण्णांनी, तुरीची पोती घेऊन हैदराबादला जाता-येता तिथल्या जुन्या बाजारातून एकेक करून आणलेल्या.

लोहाऱ्यात आमच्या पुढच्या खोलीत दर रविवारी दुपारी चार वाजता श्रवण मंडळ भरतं. अण्णांनी सुरू केलं. अण्णा गेले, मंडळ राहिलं. चावीचा ग्रामोफोन आमचा, तबकड्या आमच्या, चहा आमचा. नियम तेवढे मंडळाचे! चावी फिरवायला मी आणि चहा करायला मालनआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण.

ग्रामोफोनची सुई एका गाण्यापुरतीच वापरायची आणि टाकून द्यायची, असं शास्त्र आहे. टाकलेल्या सुयांचा डबा बघता बघता भरतो. या मंडळाचे किस्सेही माझ्याकडं असेच साठलेत, दर रविवारी एक. फरक एवढाच, की सुया बोथट होतात.

*

मंडळातला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक, वय चौऱ्याऐंशी. दर रविवारी सास्तूरहून जीपनं येतात आणि ग्रामोफोनशेजारच्या खुर्चीवर डोळे मिटून बसतात. गाण्याला पहिली "वा!" गुरुजींची. त्यांच्या आधी कुणी "वा" म्हणायचं नाही, आणि ते म्हणाले की मागोमाग सगळ्यांनी म्हणायचं. कुणी गप्प राहिलं तर तो गुरुजींचा अपमान.

अडचण एकच आहे. गुरुजींना ऐकू येत नाही.

कानातलं मशीन आहे, पण ते खिशात असतं. मी एकदा कानाकडं बोट दाखवून विचारलं, "गुरुजी, मशीन का घालत नाही?"

ते म्हणाले, "घातलं की गाण्यासंगं भाऊसाहेबबी ऐकू येतात!" भाऊसाहेब म्हणजे मंडळातले निवृत्त तलाठी.

मग ते "वा" कशावर म्हणतात? त्यांचा पंजा टेबलाच्या कडेवर असतो. लाकडातून जे हाताला लागतं त्यावर.

एका रविवारी सुई एकाच रेघेत अडकली. तेच तीन शब्द, पुन्हा तेच, पुन्हा तेच. दर वेळी टेबलाला बारीकसा धक्का बसे आणि गुरुजी म्हणत, "वा!" मागून सगळे, "वा, वा!" पुन्हा धक्का, पुन्हा "वा!" अकरा वेळा झालं. भाऊसाहेबांच्या तोंडाला कोरड पडली. मी सुई उचलायला हात पुढं केला, तर मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब माझ्यावर डोळे वटारून म्हणाले,

"थांब की! गुरुजींचं चाललंय!"

*

पाचवीत असताना मी तो प्रश्न विचारला होता. मुकी बाजू वर का करायची नाही?

भाऊसाहेब म्हणाले, "धूळ बसती."

"पण ती बाजू वाजतच नाही. बसली तर बसू दे की."

बापूसाहेब म्हणाले, "देवाच्या मूर्तीची पाठ बघतो का आपण? मग?"

"पण ही मूर्ती नाही, तबकडी आहे."

मग सगळ्यांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजी हसून म्हणाले, "लई हुशार पोरगी. बारावीला किती पडले?"

शेवटी पप्पा म्हणाले, "शीतल, आत जा. चहा झालाय का बघ."

आमच्या घरात कुठल्याही प्रश्नाचं शेवटचं उत्तर चहा असतं. मी आता बी.ए. झाले. उत्तर बदललेलं नाही.

*

या जुन्या तबकड्यांची एक गंमत आहे. गाणं संपलं की गाणारी बाई शेवटी स्वतःचं नाव सांगते. ठसठशीत आवाजात, एका दमात. त्या काळची रीतच होती ती. तबकडी तयार करणाऱ्या कारागिरांना कळावं, हे गाणं कुणाचं.

मला हे कॉलेजात गेल्यावर कळलं. म्हणजे तबकड्या लहानपणापासून माझ्याच हातात, चावी मीच फिरवायची, आणि मला माहीत नाही! कारण गाणं संपत आलं की बापूसाहेब हात पुढं करतात आणि सुई उचलतात. तीस वर्षं झाली, दर रविवारी.

मी म्हटलं, "काका, अजून आहे. ती नाव सांगते पुढं."

"गाणं झालं की. नाव घिऊन काय करायचं?"

"कुणी गायलं ते कळेल."

बापूसाहेब भाऊसाहेबांकडं बघून हसले. "तबकडी कुणाची हाय ते म्हाईत हाय ना? अण्णांची. मग झालं!"

*

दर वर्षी मंडळाच्या वर्धापनदिनाला बापूसाहेब भूकंपाची गोष्ट सांगतात. आमचं मूळ घर सास्तूरचं, भूकंपात गेलं. आमची माणसं त्या दिवसांत शेतातल्या कोट्यावर, म्हणजे झोपडीत, राहत होती म्हणून वाचली. शेल्फावरच्या चाळीसेक तबकड्यांचा चुरा झाला. पण या अकरा वाचल्या. ढिगारा उपसताना ज्वारीची कणगी निघाली आणि कणगीच्या पोटात, ज्वारीत खुपसलेल्या, अकराच्या अकरा!

बापूसाहेब स्वतः होते ढिगारा उपसायला. गोष्ट सांगताना इथं त्यांचा आवाज भरून येतो. "अण्णांची दूरदृष्टी! ह्या माणसानं संगीत धान्यात ठेवलं. धान्यात!"

टाळ्या पडतात. मीही लहानपणी वाजवल्यात.

दोन वर्षांपूर्वी टाळ्या संपल्यावर मी आत गेले, तर आत्या पातेलं घासत होती. मी सहज म्हटलं, "आत्या, अण्णांना कसं सुचलं असेल गं? कणगीत ठेवायचं?"

आत्या पातेल्यावरची नजर न काढता म्हणाली, "त्यांना कुठलं सुचतंय. ते शेल्फाशी भांडत होते, कुठं गेल्या म्हणून."

मी पुढं विचारलं तर म्हणाली, "चहा गाळ."

*

मागच्या वर्षी पुण्याहून एकजण आला. जुन्या तबकड्या जमवणारा, पाठीवर सॅक, हातात पांढरे मोजे. भाऊसाहेब त्याला आधी डॉक्टरच समजले. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की लोहाऱ्यात एका बाजूच्या तबकड्या आहेत.

बापूसाहेबांनी तयारी केली होती. कुठलं गाणं आधी, कुठलं नंतर. गुरुजी वेळेच्या आधी येऊन बसले होते. पाहुणा म्हणाला, "गाणी राहू द्या. गाणी फोनवरही मिळतात. मला मागची बाजू दाखवा."

खोलीत असं झालं, जणू त्यानं कुणाचा सदरा काढायला सांगितलाय!

पण पाहुणा तो. त्याला चहा आण म्हणता येईना. त्यानं मोजे घातले आणि एकेक तबकडी पालथी केली. मी पहिल्यांदा नीट पाहिलं. द्राक्षांचा वेल असा, की घड मोजता यावेत. पिसांचं वर्तुळ. उन्हाकडं तिरपी धरली की उठून दिसायचं, सरळ धरली की गायब. तो फोटो काढत होता आणि स्वतःशीच "काय काम आहे!" म्हणत होता.

सहा झाल्या. सातवी पालथी केली आणि तो फोटो काढायचा थांबला.

तिच्यावर द्राक्षं नव्हती. माकडं होती. देवळाचं शिखर, पायऱ्या, आणि गोल फिरून सगळीकडं माकडं. एकानं बाईच्या हातातला नारळ पळवलेला. बाईचा हात तसाच वर. सोनारीच्या भैरवनाथाला गेलेल्या कुणालाही ती माकडं ओळखू आली असती.

"ही कुठल्या कंपनीची?" पाहुण्यानं विचारलं.

दारात आत्या ट्रे घेऊन उभी होती. ट्रे तसाच घेऊन ती आत वळली.

पप्पा म्हणाले, "ती खराब झालीय. ठेवा खाली."

भाऊसाहेबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून तबकडीवर टाकला. मेलेल्या माणसाचं तोंड झाकतात, तसा.

पाहुणा गेल्यावर बापूसाहेबांनी निकाल दिला, "एवढं लांबून आलं, अन् वाजत न्हाय ती बाजू बघून गेलं! खुळं हाय!"

*

त्या दिवशी मी आत्याला सोडलं नाही. चहा गाळला, कप धुतले, ओटा पुसला. काम संपलं, आत्याला पळायला जागाच राहिली नाही.

ती बोलली ते थोडकंच. सोळा वर्षांची असताना अण्णांच्या वापरलेल्या सुया ती डब्यात साठवायची. दुपारी घरात कुणी नसलं की पाठकोऱ्या तबकड्यांवर त्या सुयांनी कोरायची. नक्षी कशी करायची ते कंपनीच्याच तबकड्या समोर ठेवून शिकली. "येल त्यांचा घेतला, माकडं माझी." कोरून झालं की रेघांत रांगोळी चोळायची, म्हणजे पांढरं उठून दिसायचं. अशा पाच केल्या. सोनारीची माकडं, विहिरीवरच्या बाया, ज्वारीची कणसं, पोळ्याचे बैल, आणि एक अर्धवट.

अण्णा बघतील या भीतीनं कोरलेल्या पाच आणि समोर ठेवलेल्या सहा, अशा अकराही तबकड्या तिनं ज्वारीत लपवल्या. त्याच आठवड्यात भूकंप झाला.

म्हणजे कळलं ना? शेल्फावरच्या गेल्या. अण्णांपासून लपवलेल्या वाचल्या. आणि या मंडळाचं, तीस वर्षांच्या "वा वा"चं, सगळं भांडवल म्हणजे एका पोरीची भीती!

"कणगीतनं काढल्यावर अण्णांनी बघितल्या?"

"बघितल्या. बापूसाहेबबी होते तिथं."

"काय म्हणाले?"

"काई न्हाय. म्हणले, ही बाजू आजपासून वर करायची न्हाय. त्या वर्षी लगीन लावून दिलं. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं बघ. बघितलं तरी, असं वाटलं असतं."

दोन वर्षांनी ती सासरहून परत आली. तेव्हापासून मंडळाचा चहा करते. मंडळातल्या एकानंही तिला आजवर पुढच्या खोलीत "बस" म्हटलेलं नाही.

सुयांचा डबा अजून आहे. फळीवर, हिंगाच्या डबीमागं.

*

आता या वर्षीचं.

मंडळाला तीस वर्षं झाली म्हणून तालुक्याच्या हॉलमध्ये तबकड्यांचं प्रदर्शन करायचं ठरलं. मला आनंद झाला. वेडीच मी! मला वाटलं, तबकड्या मांडल्या की दोन्ही बाजू दिसणार.

बापूसाहेब गोल कागद छापून घेऊन आले. तबकडीच्या मापाचे, रंगीत, चकचकीत. मधोमध अण्णांचा फोटो, भोवती मंडळाच्या सभासदांचे फोटो, बापूसाहेबांचा थोडा मोठा. खाली लिहिलेलं, "संगीत जपणारे हात".

"कुठं लावायचे हे?" मी विचारलं.

"मुकी बाजू रिकामीच हाय की. तिथं चिकटवायचे. शोभा यील."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण मी पुढच्या शनिवारी धाराशिवला परीक्षेचा अर्ज भरून परत आले, तर एक चिकटवून झाली होती. 'कसं दिसतंय बघू' म्हणून. जाड डिंक लावून, वरून पाटा ठेवून.

मी तबकड्या मोजल्या. द्राक्षं होती. पिसं होती. बैल होते. माकडं नव्हती.

ओल्या फडक्यानं कागद सोडवायला गेले. कडेचा कागद निघाला आणि त्याच्याबरोबर तबकडीचा पापुद्राही. बापूसाहेबांची मिशी निघाली, तिच्याखाली एका माकडाची शेपटी अर्धी राहिली.

मी पप्पांवर ओरडले. पप्पा म्हणाले, "वाजती ना अजून? मग काय झालं?"

मी आत्याकडं गेले. ती म्हणाली, "जाऊ दे गं. माकडंच होती."

आणि मग फळीवरचा सुयांचा डबा काढून तिनं केराच्या टोपलीत टाकला. मी तो उचलून माझ्या सॅकमध्ये ठेवला. तिनं पाहिलं.

*

आणि हा परवाचा रविवार.

प्रदर्शनाच्या आधीची शेवटची बैठक. टेबलावर डिंकाचा डबा, ब्रश, उरलेले दहा कागद. भाऊसाहेबांनी बाह्या वर केलेल्या. बापूसाहेब म्हणाले, "आधी एक गाणं ऐकू. मग कामाला लागू. लाव गं."

गुरुजी डोळे मिटून बसले. पंजा टेबलाच्या कडेवर.

मी बैलांची तबकडी काढली आणि ग्रामोफोनवर ठेवली. मुकी बाजू वर करून.

चावी भरली. सुई खाली सोडली नाही. तबकडी फिरायला लागली. एवढ्या वेगात काही दिसत नाही, काळ्यावर पांढऱ्या रेघांची गोल वर्तुळं नुसती.

बापूसाहेबांना कळायला जरा वेळ लागला.

"उलटी लागलीय ती."

"नाही काका. लावलीय."

"शीतल!" पप्पा.

"पोरी, अण्णांचा शब्द हाय ह्या घरात," बापूसाहेब म्हणाले. "अन् आमाला काय म्हाईत न्हाय व्हय त्या बाजूला काय हाय? म्या माझ्या हातानं काढल्यात कणगीतनं. घरातल्या पोरीनं म्होलाच्या तबकड्या ओरबाडून ठिवल्या. दुसरा बाप असता तर गावभर झालं असतं. अण्णांनी झाकलं. आमीबी झाकलं, इतकी वर्षं. उपकार मानायचे सोडून तू आमाला दाखवायलीस?"

आतल्या खोलीत भांड्यांचा आवाज थांबला.

"तुम्ही झाकलं म्हणता," मी म्हटलं. "तिनं ज्वारीत झाकल्या नसत्या तर तुमच्याकडं झाकायला तरी काही उरलं असतं का? तीस वर्षं तुम्ही इथं बसून काय ऐकलं असतं?"

भाऊसाहेब म्हणाले, "चहा झाला का बघ जरा."

"नाही बघणार."

"बरं, आधी ती सरळ कर," पप्पा म्हणाले. आवाज जवळजवळ विनवणीचा.

"नाही करणार. आणि कागद नेऊन परत करा. या घरातली एकही तबकडी हॉलला जाणार नाही. गेली तर ही बाजू वर करून जाईल, आणि खाली नाव लिहून जाईल. मालन. बाकी कुणाचं नाही."

भाऊसाहेब ब्रशच्या केसांकडं बघत राहिले. पप्पा जमिनीकडं.

तबकडी फिरत होती. सुई नाही, म्हणून टेबलात थरथर नाही. गुरुजींच्या पंजाला काहीच लागत नव्हतं. त्यांनी पंजा उचलून पुन्हा ठेवला. मग डोळे उघडले.

चावी उतरत आली. वर्तुळं तुटायला लागली. आधी शिंगं दिसली, मग झुली, मग पाय. तबकडी थांबता थांबता पोळ्याचे बैल एकामागून एक गुरुजींच्या समोरून जायला लागले. आतल्या दारात आत्या येऊन उभी होती. हाताला साबणाचा फेस तसाच.

गुरुजींनी खिशातून चष्मा काढला. वाकून बघितलं. मधल्या भोकापाशी, जिथं गाणाऱ्या बाया नाव सांगायच्या तेवढ्या जागेत, बारीक अक्षरं होती. तीही त्यांनी बोट ठेवून वाचली.

"वा!" गुरुजी म्हणाले.

मागोमाग कुणीच काही म्हणालं नाही.